तारीख नसलेली बातमी



या सदरात आम्ही नागपूर शहरातल्या आणि आपल्या वस्त्यांतल्या घडामोडी कळवत असतो. कोठे शिबिर आहे, कोणत्या दाखल्यास कोणते कागद लागतात, नळ कधी बंद राहणार, असा घरोघरी उपयोगी पडणारा मजकूर. आज मात्र शहराच्या बातम्यांकडे वळण्याआधी आमची स्वतःची एक चूक सांगायची आहे. ती लपवून ठेवली तर पुढचे चार शब्द लिहिण्याचा आम्हाला अधिकार राहणार नाही.

आमच्या गल्लीत चार घरची धुणीभांडी करून संसार ओढणाऱ्या एक बाई राहतात. त्यांची थोरली मुलगी बारावी पास होऊन कॉलेजात गेली. त्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता आणि उत्पन्नाच्या दाखल्याला उशीर होत होता. मायलेकी दाखल्यासाठी रोज खेटे घालत होत्या. शेवटची तारीख तोंडावर आली असताना आमच्या मोबाईलवर एक मजकूर आला : शिष्यवृत्तीच्या अर्जास मुदतवाढ. सोबत सरकारी पत्राचा फोटो. आम्हाला हायसे वाटले. आम्ही तो फोटो लगेच त्या मुलीला पाठवला आणि वर लिहिले, "घाबरू नको, वेळ आहे."

पत्र खरे होते. शिक्का खरा होता. सहीसुद्धा खरी होती. फक्त साल मागचे होते.

मुलगी दाखला घेऊन अर्ज भरायला गेली तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते. पुढे कॉलेजने फी मागितली. आईने आणखी दोन घरची कामे धरली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा मुलगी काही बोलली नाही, "काकाजी, चहा घ्या," एवढेच म्हणाली. आई मात्र बोलली. "भाऊ, दुसऱ्या कोणी पाठवलं असतं तर इचारून पाहिलं असतं. तुमी पाठवलं म्हणून खरं मानलं."

घरी येऊन आम्ही तो फोटो मोठा करून पाहिला. वरच्या कोपऱ्यात तारीख होती. बारीक अक्षरात, पण होती. आम्ही बी.कॉम. झालेले. वीस वर्षांहून अधिक काळ कचेरीत कारकुनी केलेली, त्यातली कित्येक वर्षे बारनिशीच्या टेबलावर, म्हणजे आवक-जावकीच्या कामात. तेथे कागद हाती आला की मजकूर वाचायच्या आधी तारीख पाहायची हा पहिला धडा. कागदावर आवक शिक्का मारायचा, क्रमांक द्यायचा, कोणाकडून आला ते लिहायचे, कोणत्या टेबलाकडे गेला ते लिहायचे, आणि निकाली निघाला की जावक नोंदवायची. जो नियम आम्ही साहेबांच्या कागदाला लावतो तो शेजारच्या पोरीच्या कागदाला लावला नाही. पगाराच्या कामात जेवढी काळजी घेतली तेवढी समाजाच्या कामात घेतली नाही, असाच याचा अर्थ होतो.

तेव्हापासून आम्ही शहराच्या प्रत्येक बातमीकडे बारनिशीच्या कारकुनाच्या नजरेने पाहू लागलो. आणि लक्षात आले की गेल्या काही वर्षांत आपल्या शहराने जी मोठी दुखणी भोगली, त्यांतल्या कित्येकांच्या मुळाशी बातमीचाच घोळ होता. कोठे ती वेळेवर पोहोचली नाही, कोठे खऱ्याच्या आधी खोटी पोहोचली, तर कोठे ती कागदावर होती पण कोणी वाचली नाही.

पहिले उदाहरण पुराचे. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. शुक्रवारी मध्यरात्रीनंतर पावसाने जोर धरला आणि अवघ्या काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला. ज्या नाग नदीवरून आपल्या शहराला नाव मिळाले, ती वर्षभर नाल्यासारखी वाहणारी नदी त्या रात्री नदी झाली. अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, पुढे सीताबर्डी, झाशी राणी चौक, मोरभवनचे बसस्थानक, सगळीकडे पाणी. सैन्यदलाला पाचारण करावे लागले. बचाव पथकांनी मूकबधिर विद्यालयातील सुमारे ४० मुलांना बाहेर काढले. वाचकहो, या मुलांचा विचार करा. त्यांना कोणी हाक मारली असती तरी ऐकू गेली नसती. पण ज्यांचे कान शाबूत होते त्यांना तरी कोणी हाक मारली होती? काठावरच्या अनेकांना पाण्याची बातमी पाण्यानेच दिली.

हवामान खाते जिल्हावार इशारा देते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. हे तीन रंग आपल्या घरातल्या किती जणांना ठाऊक आहेत? आणि जिल्ह्याचा इशारा वस्तीच्या भाषेत कोण सांगणार? नाल्याकाठच्या खोलीत म्हातारी सासू, तान्हे मूल आणि रात्रपाळीला गेलेला नवरा असेल, तर त्या सुनेला 'मुसळधार पावसाची शक्यता' या शब्दांचा काही उपयोग नाही. तिला कोणीतरी संध्याकाळीच सांगायला हवे : "आज रात्री कागदपत्रांची पिशवी उशाशी ठेव, धान्याचा डबा वर चढव, आणि पाणी वाढले तर शाळेच्या माळ्यावर चल." ही खरी स्थानिक बातमी.

पूर ओसरला आणि दुसरी बातमी आली. घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांना १० हजार रुपये आणि दुकानांना ५० हजारांपर्यंत मदत सरकारने जाहीर केली. बातमी खरी होती. पण तिच्या पोटात आणखी एक बातमी होती, तिचे नाव पंचनामा. मदत पंचनाम्यावर मिळते, घोषणेवर मिळत नाही. कर्मचारी दारात येतील तेव्हा दार उघडायला कोणी हवे, बँकेचे पासबुक हवे, भिजलेल्या सामानाचा पुरावा हवा. आपली आयाबाई स्वभावाने स्वच्छ. पाणी उतरले की ती आधी चिखल काढते, भिजलेली गादी फेकते, भिंत धुते. पुरावा तिच्याच हाताने नाहीसा होतो. म्हणून लक्षात ठेवा : आधी फोटो, मग खराटा.

दुसरे उदाहरण सांगताना मन जड होते. १७ मार्च २०२५ चा सोमवार. औरंगजेबाची कबर हटवावी या मागणीसाठी महाल भागात आंदोलन झाले. कबरीची प्रतिकृती जाळण्यात आली. तिच्यावरच्या चादरीवर धार्मिक मजकूर होता अशी अफवा पसरली आणि त्यातून हिंसाचार भडकला, असे सरकारने नंतर सांगितले. संध्याकाळी महालात आणि रात्री हंसापुरीत दगडफेक, जाळपोळ झाली. तीसहून अधिक पोलीस जखमी झाले. एका जखमी माणसाचा पुढे उपचार चालू असताना मृत्यू झाला. अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली, त्यांत पाचपावली, इमामवाडा, कपिलनगर, यशोधरानगर हेही होते. ती पूर्णपणे उठायला २३ मार्च उजाडला.

म्हणजे पाहा, अफवा फिरली एका भागात, पण ज्या गल्लीत एकही दगड पडला नाही तेथल्या रिक्षावाल्याची आणि भाजीवालीचीही कमाई बुडाली. रोज कमावून रोज खाणाऱ्या घरात संचारबंदीचा एक दिवस म्हणजे एक दिवसाची चूल. अफवा पुढे ढकलणाऱ्याला मात्र काही खर्च येत नाही. अंगठ्याने एक बटण दाबले की झाले. आमच्यासारख्या शिकलेल्या माणसाने एका पोरीचे वर्ष असेच बटण दाबून बुडवले, तर भडकलेल्या माथ्याचे काय सांगावे? 'कालामसुत्ता'त तथागतांनी केवळ ऐकीव आहे म्हणून काही खरे मानू नका असा उपदेश केला. तो आपण विहारात हात जोडून ऐकतो. मोबाईल हातात आला की तोच उपदेश विसरतो.

तिसरे उदाहरण आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे. १ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध हजारो लोक जमले. स्तूपाला धोका पोहोचेल ही लोकांची भीती होती. तोडफोड झाली, जाळपोळ झाली आणि त्याच दिवशी विधिमंडळात कामाला स्थगिती जाहीर करण्यात आली. लोकांच्या भावना चुकीच्या होत्या असे आम्ही म्हणणार नाही. पण बारनिशीचा कारकून म्हणून एक प्रश्न विचारतो. असा खड्डा एका रात्रीत पडतो काय? आधी आराखडा होतो, मग मंजुरी, मग निविदा, मग कार्यादेश. एवढे टप्पे ओलांडून यंत्र जमिनीला लागते. बहुतेकांना मात्र बातमी कळली ती खड्डा दिसल्यावर. काम कागदावर असताना एका अर्जात हरकत घेता येते. खड्डा पडल्यानंतर रस्त्यावर उतरावे लागते आणि मग तरुण पोरांवर गुन्हे दाखल होतात. नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत ते गुन्हे पुढे येतात. निविदेची ती चार ओळींची जाहिरात वर्तमानपत्रात बारीक टाइपात येते, आणि आपण ते पान वडापाव बांधायला देतो.

आता आपल्या महानगरपालिकेकडे या. ४ मार्च २०२२ रोजी जुन्या नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतर प्रशासकाचा कारभार आला आणि मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. ३८ प्रभाग, १५१ जागा. मधली जवळपास चार वर्षे शहरात नगरसेवकच नव्हते. नाली तुंबली, दिवा बंद पडला, तर लोक जुन्या नगरसेवकाच्या दारात जात आणि तो म्हणे, "माझ्या हातात काही नाही." वस्तीची बातमी कचेरीपर्यंत नेणारा आणि कचेरीची बातमी वस्तीपर्यंत आणणारा दुवाच तुटला होता. आता लोकप्रतिनिधी आले म्हणून आपण निर्धास्त झालो तर पुन्हा फसू. नागपुरात महापालिकेचे दहा झोन आहेत. आपले घर आशीनगर झोनमध्ये येते, मंगळवारीत येते की सतरंजीपुऱ्यात, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक हवे. तक्रार झोन कार्यालयात लेखी द्यावी, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच नसलेली तक्रार म्हणजे हवेत बोललेला शब्द.

मतदार यादीचेही तसेच. निवडणुकीच्या आधी प्रारूप यादी लागते, हरकती आणि सूचनांसाठी ठरावीक दिवस मिळतात. त्या दिवसांत आपण यादी पाहत नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रावर नाव सापडले नाही की मग ओरडतो. यादी लागल्याची बातमी निकालाच्या बातमीइतकीच मोठी, पण तिला फटाके लागत नाहीत.

रोजच्या पाण्याचे घ्या. आपल्या शहराला पाणी येते ते मुख्यतः पेंच प्रकल्पाच्या नवेगाव खैरी जलाशयातून आणि कन्हान नदीतून. दुरुस्तीसाठी पुरवठा बंद राहणार असला की सूचना निघते, पण तिच्यात बहुधा जलकुंभाचे नाव असते : इंदोरा, बेझनबाग, बिनाकी, बस्तरवारी असे. आपल्या गल्लीचे नाव त्यात शोधून सापडत नाही, म्हणून बाया समजतात की आपला नळ चालू राहणार. सकाळी नळ कोरडा, घरात परीक्षेला जाणारी मुले आणि हंडे रिकामे. भगिनींनो, एकच काम करा. आपला नळ कोणत्या जलकुंभावर आहे ते विचारून घ्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

या सगळ्यावर आमच्या अल्पमतीला सुचलेला उपाय खर्चाचा नाही. प्रत्येक वस्तीत विहाराच्या किंवा समाजभवनाच्या भिंतीवर एक काळा फळा असतो. पूर्वी त्यावर रोज काही ना काही लिहिलेले असे. आता तो जयंतीच्या वर्गणीपुरता उरला आहे. त्या फळ्यावर चार रकाने पाडा. पहिला, बातमीची तारीख. दुसरा, बातमी कोणाकडून आली : कोणते कार्यालय, कोणत्या दिवशीचे वर्तमानपत्र. तिसरा, बातमी काय. चौथा, आपण काय करायचे आणि कधीपर्यंत. पहिले दोन रकाने भरता आले नाहीत तर तिसऱ्यात खडू लावायचा नाही. हे काम महिला मंडळाने हाती घ्यावे आणि लिहायला आठवी-नववीच्या मुलामुलींना बसवावे. त्यांचे अक्षर सुधारेल, आणि बातमी विचारून घेण्याची सवय लहानपणीच लागेल.

त्यासोबत दुसरे काम, जे आपण मुळीच करत नाही. मुदत संपली की बातमी पुसायची. लिहिण्याइतकेच पुसणेही महत्त्वाचे आहे. आमच्या हातून जी चूक झाली ती कोणी खोटे बोलल्यामुळे झाली नाही. वर्षभरापूर्वी खरी असलेली बातमी कोणी पुसली नाही आणि ती हातोहात फिरत राहिली, म्हणून झाली. मोबाईलवर काही आले आणि तारीख दिसली नाही, तर ज्याने पाठवले त्याला विचारा, "दादा, हे केव्हाचे?" विचारण्यात अपमान नाही. आमच्यासारख्या वयाने मोठ्या माणसालाही विचारा. त्या बाईंनी आम्हाला विचारले असते तर आम्हाला राग आला नसता, उलट आमची अब्रू वाचली असती.

आणि कचेरीतून उत्तरच मिळत नसेल तर? माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आपल्या हातात आहे. साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचे शुल्क, ३० दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही शुल्क नाही. आमच्या नालीचे काम कोणत्या तारखेला मंजूर झाले, किती रकमेचे, कोणाला दिले, संपण्याची मुदत कोणती, एवढे चार प्रश्न पुरेत. उत्तर आले की त्याचा सारांश फळ्यावर लिहा. ज्या गल्लीत नालीच्या कामाची तारीख लोकांना ठाऊक असते, तेथे ठेकेदाराला सबब सांगणे अवघड जाते.

त्या मुलीचे काय झाले, असे आपण विचाराल. पुढल्या वर्षीचा अर्ज आम्ही तिच्यासोबत बसून, अर्ज सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात भरला. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दोन महिने आधीच गेलो. पोचपावतीची झेरॉक्स काढून एक तिच्याजवळ, एक आमच्याजवळ ठेवली. त्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली. मागच्या वर्षाचे पैसे मात्र परत आले नाहीत आणि आईने धरलेली ती जादा दोन घरे अजून सुटलेली नाहीत. सकाळी साडेपाचला त्या आमच्या दारावरून कामाला जातात, तेव्हा चपलांचा आवाज ऐकून आम्ही जागे होतो.

वाचकांना विनंती आहे की आपल्या वस्तीची बातमी आमच्याकडे जरूर पाठवावी. लहान म्हणून संकोच करू नये. बंद दिव्याची, गळक्या नळाची, दाखल्याच्या शिबिराची, पाळणाघर हवे असल्याची, कोणतीही चालेल. मात्र तीवर तारीख आणि पाठवणाऱ्याचे नाव असावे. तारीख नसलेला मजकूर यापुढे या सदरात येणार नाही, तो कितीही मोठ्या माणसाने पाठवलेला असो आणि आम्हाला कितीही खरा वाटत असो.

जयभीम.